वर्म कल्चर घरात हवं, वास नको

झऱ्याकाठी (धागाकर्ता)

माशांच्या पिल्लांच्या खाद्यावरची कुठलीही चर्चा फिरून फिरून एकाच जागी येते. "कल्चर लावलं, मस्त चाललं होतं, आणि मग असा काही वास सुटला की घरच्यांनी डब्यासकट मलाच बाहेर काढायची तयारी केली." म्हणून माशांना खायला घरी डब्यात वर्म वाढवण्यावर, म्हणजे कल्चरवर, हा वेगळा धागा. मायक्रोवर्म, ग्रिंडल, व्हाइट वर्म, व्हिनेगर ईल, ब्लॅकवर्म, जो जे पाळतो त्याने लिहावं. सुरुवात मी मायक्रोवर्मपासून करतो.

आधी एक गोष्ट ठासून सांगतो. घाण वास वर्मचा नसतोच. तो असतो न खाल्लेल्या खाद्याचा आणि मेलेल्या वर्मचा. या दोन्हीमागे बहुतेक वेळा एकच कारण निघतं: आपण जास्त घालतो. माशांना जास्त घालायची सवय असलेला माणूस वर्मनाही जास्तच घालतो.

मायक्रोवर्म, म्हणजे पॅनाग्रेलस रेडिव्हिव्हस, हा सूत्रकृमी आहे. लांबी फार तर दीड-दोन मिलिमीटर. मादी अंडी न घालता थेट जिवंत पिल्लं सोडते, त्यामुळे वाढ झपाट्याने होते. तो ओट्सवर वाढतो असं आपण म्हणतो खरं, पण त्याचं पोट मुख्यतः भरतं ते ओट्सवर वाढणाऱ्या यीस्टवर आणि जिवाणूंवर. म्हणजे डब्यात आपण शेती करतोय ती यीस्टची, आणि वर्म तिच्यावर चरतात. हे डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सरळ होतं.

माझी पद्धत अशी. पसरट पारदर्शक डबा. ओट्स बारीक करून पाण्यात शिजवायचे, चमचा उभा राहील इतके घट्ट. पूर्ण गार होऊ द्यायचे, कोमट असताना घाई करायची नाही. डब्यात थर एक ते दीड सेंटिमीटरचा. वर चिमूटभर कोरडं यीस्ट भुरभुरायचं आणि जुन्या कल्चरमधला चमचाभर माल मधोमध ठेवायचा. ढवळायचं नाही.

जाड थर लावला तर कल्चर जास्त दिवस टिकेल हा हिशोब चुकतो. वर्मना हवा लागते, म्हणून ते वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहतात. खालचा माल त्यांच्या कामाचा नाही. तिथे हवा पोचत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे बिनधास्त वाढतात. घाणीचं मूळ तिथे आहे. दोन सेंटिमीटरच्या एका डब्यापेक्षा एकेक सेंटिमीटरचे दोन डबे कधीही बरे.

दोन-तीन दिवसांनी डबा उजेडाकडे तिरका धरून बघा. सुटा वर्म नजरेत भरत नाही, पण सगळा पृष्ठभाग हलत असतो, चमचमत असतो. मग ते भिंतीवर चढायला लागतात. आधी खालच्या कडेला धूसर पट्टा दिसतो, त्यातून वर फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि प्लॅस्टिकवर पांढरट जाळी उमटते. बोटाने किंवा मऊ ब्रशने ही जाळी तेवढीच पुसून घ्यायची. लगद्याला हात लावायचा नाही, कारण लगदा टँकमध्ये गेला की आज डब्याचा असलेला वास उद्या टँकचा होतो. पुसलेले वर्म कपभर पाण्यात सोडा, थोडा वेळ थांबा, ते तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी ओतून द्या आणि तळाचा माल ड्रॉपरने पिल्लांना.

कल्चर साधारण आठवड्याभरात जोर धरतं आणि तीन-चार आठवड्यांत थकतं. पुढचा डबा ते जोरात असतानाच लावायचा. थकल्यावर बी काढलं तर सोबत जुनी घाणही येते.

आता बाकीच्यांनी लिहा.

गप्पीष्ट

उत्तम धागा. माझा प्रश्न झाकणाच्या भोकांचा. भोकं पाडली तर चिलटं आत जातात आणि डब्यात त्यांच्याच अळ्या वळवळतात. भोकं बुजवली तर दोन दिवसांत वर्म गपगार. मधला मार्ग काय?

झऱ्याकाठी

सुईने दहा भोकं पाडण्यापेक्षा झाकणाला एकच मोठं भोक पाडा, नाण्याएवढं, आणि त्यावर फिल्टरच्या दाट फ्लॉसची (कापसासारख्या भरावाची) चकती आतून गरम गोंदाने चिकटवा. हवा जाते, चिलट जात नाही. चिकटवताना कड सगळीकडून बसली पाहिजे. चिलटाला फट शोधायचं काम कुणी शिकवावं लागत नाही.

बुजवल्यावर ते का गपगार होतात तर यीस्ट सतत कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे डब्यात खालीच साचतो, नेमका वर्म असतात तिथे. एक सोपी खूण सांगतो. वर्म भिंतीवर चढून झाकणाच्या दिशेने पळत असतील आणि लगद्याचा पृष्ठभाग मात्र शांत असेल, तर आत हवा कमी पडते आहे. रोज वर्म काढताना झाकण मिनिटभर उघडं ठेवलं तरी बराच फरक पडतो.

वर्षाव

वाचतेय. वाचनखूण साठवली.

प्रयोगवही

रसायनशास्त्राशी रोजचा संबंध असल्यामुळे थोडी भर घालतो. "वास येतो" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. कुठला वास, ते सांगा.

आंबूस, ताज्या ब्रेडच्या पिठासारखा वास म्हणजे यीस्ट काम करतंय. काळजी नको, हा वास येणारच. ज्याला हाही नको असेल त्याने मायक्रोवर्मच्या वाटेला जाऊ नये, सरळ ग्रिंडल पाळावेत.

दारूसारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणझणीत वास आला तर यीस्टला हवा कमी आणि साखर-पिष्ट जास्त मिळतंय. अल्कोहोल तयार होतं आणि त्यापासून पुढे इथाइल ॲसिटेटसारखी संयुगं. वर्म अजून जिवंत असतात, पण कल्चर उतरणीला लागलेलं असतं. आजच नवीन डबा लावा.

ओकारीसारखा, खवट वास म्हणजे ब्युटिरिक ॲसिड. थराच्या तळाशी हवेविना किण्वन चालू आहे. वरवर छान दिसणारं कल्चरही असा वास देतं, कारण बिघाड खाली असतो.

कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. वाचवायच्या भानगडीत पडू नका.

आणि नाकात झोंबणारा अमोनिया. हा ओट्सच्या कल्चरला सहसा येत नाही, येतो तो प्रथिनं जास्त घातली की. ग्रिंडलना मांजराचं कोरडं खाद्य घालणाऱ्यांना हा ओळखीचा असेल. कार्बन-नायट्रोजनचं गणित बिघडलं की जिवाणू जादा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने सोडून देतात.

वास मारायला लोक डब्यात बेकिंग सोडा घालतात, काही जण लिंबू पिळतात. दोन्ही नको. वास ही बातमी आहे. ती दाबून कल्चर सुधारत नाही, आणि अचानक बदललेल्या आम्लतेने उरलेसुरले वर्मही जातात.

फटकळ

एवढा खटाटोप कशासाठी? चांगल्या प्रतीचं बारीक कोरडं खाद्य मिळतं, आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी मिळतात. मीठ घातलेलं पाणी, एअर पंप, एका दिवसात नॉप्ली, म्हणजे त्यांची पिल्लं, तयार. वास नाही, चिलटं नाहीत, घरात भांडणं नाहीत.

झऱ्याकाठी

फटकळराव, आर्टेमियाशी भांडण नाहीच. पोषणात नॉप्ली मायक्रोवर्मपेक्षा सरस आहेत हे मीही मानतो. पण नुकती पोहायला लागलेली बेटा माशाची पिल्लं बघितलीत ना? पहिले काही दिवस त्यातल्या लहान पिल्लांच्या तोंडात नॉप्ली मावत नाही. मायक्रोवर्म लांब असला तरी जेमतेम पाच शतांश मिलिमीटर जाड, तो आत जातो. आणि पिल्लं हलणाऱ्या गोष्टीवर झेप घेतात. कोरड्या खाद्याकडे कित्येक ढुंकूनही बघत नाहीत, ते तळाशी जाऊन कुजतं, आणि मग तुमच्या टँकला वास. आर्टेमिया उबायला घातलेला असताना दुसऱ्या दिवसाची सोय म्हणून तरी एक डबा असावा.

आंबट_गोड

वास नको म्हणणाऱ्यांनी व्हिनेगर ईल पाळावेत, हे मी प्रत्येक धाग्यावर लिहिते आणि प्रत्येक धाग्यावर लोक ते वाचून पुढे जातात. आज सविस्तर लिहिते.

टर्बॅट्रिक्स ॲसेटी. हाही सूत्रकृमीच, ईल फक्त नावाला. बाटलीत निम्मं सफरचंदाचं व्हिनेगर, निम्मं पाणी, सफरचंदाच्या दोन-चार फोडी आणि बियाणं म्हणून थोडं जुनं कल्चर. तोंडाला फडकं बांधायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. झालं. रोज काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. इतक्या आम्ल पाण्यात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत, त्यामुळे घाण वासाचा प्रश्नच उद्भवत नाही. व्हिनेगरचा येतो तेवढाच. एकदा लावलेली बाटली महिनोन्‌महिने चालते. वाढ मायक्रोवर्मपेक्षा सावकाश असते, म्हणून माशांनी अंडी द्यायच्या बऱ्याच आधी बाटली लावून ठेवलेली बरी.

काढायचे कसे, इथे लोक अडतात, कारण व्हिनेगर टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही. लांब, अरुंद मानेची बाटली घ्या. कल्चर मानेच्या सुरुवातीपर्यंत भरा. त्यावर फिल्टर फ्लॉसचा बोळा असा बसवा की त्याचं खालचं टोक व्हिनेगरला टेकलेलं असेल. बोळ्याच्या वर, मानेत, हळूच गोडं पाणी घाला. बोळा घट्ट असेल तर दोन्ही पाणी मिसळत नाहीत. खालच्या भरल्या बाटलीत ऑक्सिजन कमी, म्हणून ईल बोळ्यातून वाट काढत वर येतात. रात्री लावा, सकाळी टॉर्च मारा. मानेतलं नितळ पाणी ढगाळलेलं दिसतं आणि नीट बघितलं की त्या ढगातला प्रत्येक कण वळवळत असतो. ड्रॉपरने वरचं पाणी उचला आणि थेट पिल्लांना द्या. धुवायची गरज नाही.

शिवाय हे ईल पाण्यात मधल्या थरात पोहत राहतात आणि कित्येक दिवस जगतात. मायक्रोवर्म तळाशी बसतो आणि दिवसभरात मरतो. वरच्या थरात खाणाऱ्या पिल्लांना यांचा जास्त उपयोग.

गप्पीष्ट

ताई, यावेळी पुढे गेलो नाही, पूर्ण वाचलं :) बोळा जास्त घट्ट बसला तर ईल वर येतील का?

आंबट_गोड

येतात, उशीर लागतो. बोळा बसवल्यावर वरून पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब बोळ्यावर थबकून मग सावकाश जिरला तर बरोबर. धाडकन खाली गेला तर सैल आहे.

मृद्गंध

ग्रिंडलबद्दल मी लिहिते. एन्किट्रिअस बुखहोल्झी, गांडुळाचा लांबचा भाऊबंद, सेंटिमीटरभर लांब, पांढरा. छोट्या टेट्रा, किली, कोरी या माशांना अंड्यावर आणायला याच्यासारखं खाद्य नाही. गप्पी तर वेडे होतात.

चांगल्या ग्रिंडल कल्चरला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. माझं टोपणनाव तिथूनच.

कोकोपीट भिजवून, आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्यायचं. त्यातले माइट, म्हणजे धुळीएवढे बारीक किडे, आणि त्यांची अंडी तिथेच संपतात. गार झालं की मुठीत घट्ट पिळायचं. दोन-चार थेंब पडले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त. डब्यात चार-पाच सेंटिमीटर भरा, दाबू नका. वर काचेचा किंवा ॲक्रिलिकचा तुकडा. त्याखाली खाद्य: ओट्सचं पीठ, माशांचं कोरडं खाद्य, मांजराचं कोरडं खाद्य, काहीही चालतं. डबा अंधारात ठेवा, तापमान वीस ते पंचविशीच्या घरात. कल्चर नवीन असताना पिठाची चिमूट पुरते. दुसऱ्या दिवशी काच उचलून बघायची. खाद्य पूर्ण संपलं असेल तरच पुढची चिमूट, किंचित मोठी. संपलं नसेल तर उरलेलं चमच्याने काढून टाका आणि त्या दिवशी काही घालू नका. बुरशीचे केस दिसले की समजा, काल जास्त झालं.

हा नियम पाळणाऱ्याच्या डब्याला वास येत नाही. न पाळणाऱ्याच्या डब्याला मी सांगायची गरज नाही, शेजारी सांगतात.

कल्चर भरात आलं की काच उचलल्यावर तिच्या खालच्या बाजूला वर्मचा गुंताच्या गुंता लटकलेला असतो. काच तशीच वाटीभर पाण्यात बुडवायची, हलवायची, वर्म सुटतात. मातीचे कण तरंगले तर पाणी बदलायचं. कोकोपीटमध्ये चिमटा घालून वर्म वेचत बसणाऱ्यांना मी नमस्कार करते.

दर काही महिन्यांनी निम्मं कोकोपीट नवीन. विष्ठा साठून ते आंबट होत जातं. अंड्याच्या कवचाची बारीक पूड अधूनमधून भुरभुरली तर आम्लता आटोक्यात राहते.

नवखा७

ताई, माझे ग्रिंडल कोकोपीट सोडून सगळे झाकणावर गोळा झालेत. शिवाय काचेवर पिवळसर धुळीसारखं काहीतरी आहे आणि ते हलतंय. फेकून देऊ का?

मृद्गंध

थांबा, फेकू नका. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

वर्म झाकणावर जाणं म्हणजे खालची जागा त्यांना नकोशी झाली आहे. फार ओलं, फार आंबट किंवा आत हवा नाही. डब्याच्या तळाशी पाणी साचलंय का बघा. तळाशी चमचा घालून कोकोपीट उपसा आणि वास घ्या. वर ठीक, खाली घाण असेल तर झाकणावरचे सगळे वर्म गोळा करून सरळ नव्या कोकोपीटमध्ये हलवा. तुमचं कल्चर स्वतःच वेगळं होऊन बसलंय, एका अर्थी कामच कमी केलंय त्यांनी.

हलणारी धूळ म्हणजे माइट. माशांना त्रास नाही, पण खाद्य ते फस्त करतात आणि वर्म मागे पडतात. उपाय पाण्याचा. सगळं कल्चर बादलीत घेऊन त्यावर पाणी ओता. माइट तरंगून वर येतात, वर्म खाली राहतात. ग्रिंडल पाण्यात बुडून लगेच मरत नाहीत, घाबरू नका. वरचं पाणी ओतून द्या, दोन-तीनदा करा, मग कोकोपीट पिळून परत डब्यात. पुढचे काही दिवस खाद्य कोरडं न घालता ओलसर करून घाला, आणि संध्याकाळी घातलेलं सकाळी संपलंय एवढंच घाला. माइटना उपाशी ठेवायचं.

फक्त आधी खात्री करा की ते माइटच आहेत. बोट लावल्यावर टुणकन उडी मारली तर ते स्प्रिंगटेल. ते निरुपद्रवी, उलट बुरशी खातात, आणि पाण्यावर टाकले तर छोटे मासे त्यांच्यावर तुटून पडतात.

प्रयोगवही

मृद्गंधताईंच्या पद्धतीला एक पर्याय. कोकोपीटच नको. भांडी घासायचे प्लॅस्टिकचे हिरवे स्क्रबर, नवे, साबण नसलेले, डब्यात एकावर एक दोन-तीन ठेवायचे. तळाला अगदी थोडं पाणी. वर खाद्य आणि जाळीचा तुकडा. ग्रिंडल स्क्रबरच्या धाग्यांत राहतात. वास यायची शंका आली की सगळं नळाच्या बारीक धारेखाली विसळायचं. विष्ठा, माइट, उरलंसुरलं खाद्य वाहून जातं. वर्म धाग्यांना धरून राहतात, थोडे जातात. माती नसल्याने काढलेले वर्म स्वच्छ. तोटा एवढाच की हे कल्चर लवकर सुकतं आणि दुर्लक्ष सहन करत नाही.

मृद्गंध

स्क्रबरवर वाढ चांगली होते, मान्य. पण ज्याला आठवणीने विसळणं जमतं त्याला कोकोपीटमध्येही वास येत नाही. विसरणाऱ्यासाठी मातीच बरी, ती चार चुका पोटात घेते.

प्रयोगवही

हे मात्र खरं.

झुबकेदार_बेटा

मायक्रोवर्मवर वाढवलेल्या बेटाच्या पिल्लांना पोटाखालचे पर येत नाहीत असं ऐकलंय. म्हणून मी ते वापरतच नाही. कुणाचा अनुभव?

झऱ्याकाठी

हा वाद बेटावाल्यांत जुना आहे. माझं मत विचाराल तर वर्मपेक्षा तळाकडे बघा. मायक्रोवर्म तळाशी पडतो, न खाल्लेला तिथेच मरतो, आणि पिल्लं त्या घाणीवर पोट टेकून बसलेली असतात. कोवळे पर तिथे घासतात. रोज तळ पातळ नळीने ओढून घेतला, पाणी बदललं आणि जमेल तितक्या लवकर नॉप्ली सुरू केल्या तर पिल्लं नीट वाढतात. फक्त मायक्रोवर्मवर आठवडेच्या आठवडे कुठलंच पिल्लू ठेवू नये, पर असोत वा नसोत.

झुबकेदार_बेटा

तळाचा मुद्दा पटतोय. मी टँकमध्ये मुळातच काही ठेवत नाही, नुसती काच. पुढच्या वेळी निम्म्या पिल्लांवर करून बघतो आणि इथे लिहितो.

थंडगार

व्हाइट वर्म आणि ब्लॅकवर्मबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

व्हाइट वर्म, एन्किट्रिअस अल्बिडस, म्हणजे ग्रिंडलचा मोठा भाऊ. दोन ते चार सेंटिमीटर. सगळी निगा मृद्गंध यांनी लिहिलीय तशीच, फरक एकच: यांना थंडी लागते. दहा ते वीस अंश. तापमान पंचविशीकडे सरकलं की मरायला लागतात, आणि एकदम मेले की त्या डब्याचा वास मी शब्दांत मांडणार नाही. त्यामुळे छोटा फ्रिज किंवा गार तळघर नसेल तर हौस करू नका. चरबी भरपूर असते, म्हणून माशांना रोज नाही, अधूनमधून.

ब्लॅकवर्म, लंब्रिक्युलस व्हॅरिएगेटस, पाण्यातला. हा तुटून वाढतो: शरीराचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला नवं डोकं, नवी शेपटी येते. वास टाळायची गुरुकिल्ली म्हणजे उथळ भांडं. पाणी वर्मच्या थराच्या जेमतेम वर, खोल नाही, म्हणजे ऑक्सिजन पोचतो. फ्रिजमध्ये ठेवा आणि रोज गार पाण्याने विसळा. मेलेले वर्म फिके पडतात, गाळासारखे होतात आणि विसळताना पाण्याबरोबर निघतात. विसळलेलं पाणी दोन-तीनदा बदलूनही दुधाळच येत असेल तर त्यातले बरेच गेलेत. जिवंत वर्म गडद असतात, बोट लावलं की झटक्यात आक्रसतात. तेवढेच वेगळे करून नव्या पाण्यात ठेवा.

नवखा७

आणि ट्युबिफेक्स? तो लाल गोळा दुकानात सहज मिळतो.

फटकळ

याचं उत्तर मी देतो, कारण जिवंत खाद्यात मी हे एकच पाळून बघितलंय आणि म्हणूनच पहिल्या प्रतिसादात कुरकुर केली होती.

ट्युबिफेक्स सेंद्रिय घाणीने भरलेल्या गाळात वाढतो. त्याच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून लाल दिसतो आणि म्हणूनच जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही तिथेही जगतो. डोकं गाळात, शेपटी वर हलत. बाजारात येणारा माल कुठल्या गाळातून आलाय ते तुम्हाला कळत नाही, आणि त्या गाळातलं सगळं त्याच्या पोटात असतं. ट्राउटच्या कुळातल्या माशांना गरगर फिरवणारा एक रोग आहे. त्याचा परजीवी, मिक्सोबोलस सेरेब्रालिस, आयुष्याचा एक टप्पा ट्युबिफेक्सच्या शरीरातच काढतो. आपल्या गप्पी-टेट्रांना तो रोग होत नाही, पण हा वर्म काय काय वाहून आणू शकतो ते कळावं म्हणून सांगितलं.

ठेवायचाच असेल तर उथळ थाळीत, थंड पाण्यात, आणि पाणी दिवसातून अनेकदा बदलायचं. पोट रिकामं व्हायला काही दिवस असा ठेवल्याशिवाय माशांना घालू नका. गोळ्याच्या मधे फिका ठिपका दिसला की तिथे मेलेत. तो भाग लगेच काढा, नाहीतर संध्याकाळपर्यंत अख्खा गोळा गेला. वासाबद्दल विचारू नका. इतकी उस्तवार करायची तर ब्लॅकवर्म पाळा.

वर्षाव

फटकळ आणि तेही जिवंत खाद्याच्या बाजूने! +१

फटकळ

बाजूने नाही. पाळायचंच असेल तर काय पाळू नये, ते सांगितलं.

गप्पीष्ट

शेवटची शंका. बाहेर जायचं असेल तर या सगळ्याचं काय करायचं? आणि बिघडलेलं कल्चर टाकायचं कुठे?

मृद्गंध

ग्रिंडलचं सांगते. जाण्याआधी लोक जास्तीचं खाद्य घालून जातात आणि परत आल्यावर दारातच वास घेतात. उलट करायचं. चार-पाच दिवस असतील तर निघताना काहीच घालू नका, फक्त ओल बघा. भरलेलं कल्चर उपाशी राहतं, संख्या थोडी घटते, परत आल्यावर चिमटीने सुरू करा. जास्त दिवस असतील तर दोन डबे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून जा. एक गेला तरी दुसरा राहतो.

आंबट_गोड

व्हिनेगर ईलचं काहीच करू नका. त्यांना तुम्ही गेल्याचं कळतही नाही.

झऱ्याकाठी

मायक्रोवर्मचा नवा डबा निघण्याच्या आदल्या दिवशी लावा, यीस्ट नेहमीच्या निम्मं. गार जागी ठेवला तर वाढ सावकाश होते आणि आल्यावर कल्चर भरात सापडतं.

टाकण्याबद्दल: बेसिनमध्ये, गटारात, तळ्यात, ओढ्यात अजिबात नाही. ओट्सचा लगदा नळीत घट्ट बसतो आणि मग वास कल्चरचा राहत नाही, घराचा होतो. उघड्या पाण्यात टाकलेलं कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. खराब डब्यात उकळतं पाणी ओता, झाकण लावून गार होऊ द्या, मग लगदा खतात किंवा कुंडीच्या मातीत खोल पुरा. डबा गरम पाण्याने धुवा, साबण वापरला तर भरपूर विसळा आणि उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय त्यात नवीन कल्चर लावू नका. झाकणावरची फ्लॉसची चकतीही बदला, चिलटांची अंडी बऱ्याचदा तिथेच राहतात.

नवखा७

झाकणावरचे ग्रिंडल नव्या डब्यात हलवले. जुन्या डब्याच्या तळाशी खरंच पाणी होतं आणि काळा थर. माइट धुऊन काढले, अजून थोडे दिसतात.

मृद्गंध

थोडे राहणारच. दोन दिवसांनी परत पाण्यात बुडवा, अंड्यातून निघालेली नवी खेप तेव्हा तरंगेल.